शालेय सांख्यिकीसाठी 'कोडॅप': एका मोफत साधनाचे परीक्षण

शालेय गणितातल्या सांख्यिकीच्या प्रकरणात मुलांकडून साधारणपणे एवढीच अपेक्षा असते की दिलेल्या प्राप्तांकांची वारंवारता सारणी तयार करावी, सांगितलेला आलेख सांगितलेल्या प्रमाणाने काढावा आणि सूत्रात किमती घालून मध्य, मध्यक व बहुलक काढून दाखवावेत. यातले प्रत्येक काम यायलाच हवे, याबद्दल वाद नाही. परंतु ही सगळी कामे बिनचूक करणाऱ्या विद्यार्थ्याला 'या माहितीतून तुला काय कळले?' असे विचारले की तो पुन्हा उत्तरादाखल आलेल्या संख्येकडेच बोट दाखवतो, कारण माहितीला प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते. हा अनुभव गणित शिकवणाऱ्या बहुतेकांना असेल. ती वेळ आणून देणारे साधन म्हणून 'कोडॅप'चे नाव शिक्षकांमध्ये घेतले जाते. माध्यमिक वर्गांत ते वापरून पाहिल्यानंतर त्याचे बलस्थान कुठे आहे आणि ते कुठे तोकडे पडते, हे इथे नोंदवत आहे.

कोडॅप हे सामग्री, म्हणजे गोळा केलेल्या नोंदी, सारणीत भरून तिचे आलेख काढण्यासाठीचे, ब्राउझरमध्ये चालणारे, मोफत आणि मुक्तस्रोत साधन आहे. अमेरिकेतल्या 'कॉन्कॉर्ड कन्सॉर्शियम' या ना-नफा संस्थेने तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यातून ते विकसित केले. विल्यम फिन्झर हे त्यामागचे प्रमुख नाव असून त्यांनी त्याआधी 'फॅदम' हे सांख्यिकी शिकवण्यासाठीचे सॉफ्टवेअर घडवले होते. क्लिफ कोनोल्ड आणि क्रेग मिलर यांनी लहान मुलांसाठी केलेल्या 'टिंकरप्लॉट्स'मधल्या कल्पनाही कोडॅपमध्ये ओळखू येतात. ही वंशावळ सांगायचे कारण असे की या साधनाचा जन्म कार्यालयातल्या हिशेबासाठी झालेला नसून वर्गासाठी झाला आहे, आणि ते वापरताना जागोजागी जाणवते. काहीही बसवावे लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, विद्यार्थ्याचे नाव वा ईमेल कुणी मागत नाही. शाळेच्या दृष्टीने ही शेवटची बाब मला सर्वांत मोलाची वाटते.

आलेख काढण्यासाठी शाळांमध्ये सर्रास वापरली जाणारी सोय म्हणजे स्प्रेडशीट. स्प्रेडशीटमध्ये आधी आलेखाचा प्रकार निवडावा लागतो, आणि कच्च्या नोंदींवरून साधा स्तंभालेख हवा असला तरी त्याआधी बहुधा वारंवारता मोजून तिचा वेगळा तक्ता करावा लागतो. म्हणजे माहितीचा आकार कसा आहे हे दिसण्यापूर्वीच तिचे सार काढून मोकळे व्हायचे. कोडॅपमध्ये हा क्रम उलटा आहे. आलेखाची खिडकी उघडली की सारणीतल्या प्रत्येक ओळीसाठी एक, असे ठिपके त्या खिडकीत विस्कळीतपणे पसरलेले दिसतात. त्यांना अजून कसलाही क्रम नसतो. मग सारणीतला एखादा रकाना, समजा 'उंची', धरून आडव्या अक्षावर आणून सोडला की सगळे ठिपके सरकत सरकत आपापल्या किमतीवर जाऊन बसतात आणि सारख्या किमतीचे ठिपके एकमेकांवर रचले जातात. ही हालचाल केवळ शोभेची नाही. आलेखातला प्रत्येक ठिपका म्हणजे सारणीतला एक माणूस, एक प्राणी किंवा एक दिवस आहे, ही गोष्ट फळ्यावर कितीही वेळा सांगितली तरी जेवढी पटत नाही तेवढी हे सरकणारे ठिपके पाहून पटते. ठिपक्यावर क्लिक केले की सारणीतली ती ओळ रंगते, ओळीवर क्लिक केले की ठिपका रंगतो, आणि तीन-चार आलेख उघडे असतील तर त्या सगळ्यांमध्ये तोच ठिपका उठून दिसतो. दुसरा रकाना उभ्या अक्षावर सोडला तर दोन्ही किमती एकत्र दाखवणारा विकीर्ण आलेख तयार होतो. आलेखाच्या मध्यभागी सोडला तर ठिपक्यांना त्या गुणधर्माप्रमाणे रंग मिळतात.

साधनासोबत काही नमुना सारण्या मिळतात. त्यांपैकी सस्तन प्राण्यांची सारणी सुरुवातीसाठी उत्तम आहे. तीत २७ प्राणी असून प्रत्येकाचे आयुर्मान, उंची, वजन, झोपेचे तास, वेग, अधिवास आणि आहार अशा नोंदी आहेत. 'जड प्राणी जास्त झोपतात का?' हा प्रश्न मुलांना विचारून वजन आडव्या आणि झोप उभ्या अक्षावर टाकायला सांगावी. पहिला आलेख पाहून वर्गाचा हमखास विरस होतो, कारण हत्तीसारख्या दोन-तीन अजस्र प्राण्यांमुळे अक्ष हजारो किलोपर्यंत ताणला जातो आणि उरलेले सगळे प्राणी डाव्या कडेला एकमेकांच्या अंगावर पडतात. इथे घाई करू नये, कारण हा विरस म्हणजेच पाठ आहे. आलेख बरोबर आहे, तरी त्यात काहीच दिसत नाही. मग काय करावे? कुणीतरी सुचवते की मोठ्यांना बाजूला काढून पाहू. ते ठिपके निवडून आलेखापुरते लपवण्याची सोय डोळ्याच्या चित्राखाली आहे. ते लपवले की अक्ष आक्रसतो आणि उरलेल्या प्राण्यांत वीस तास झोपणारे वटवाघूळ आणि त्याच्या आसपासचे छोटे प्राणी मोकळेपणाने दिसू लागतात. त्यानंतर 'लपवलेले प्राणी आपल्या उत्तरात धरायचे की नाही?' हा खरा प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर वर्गात होणारा वाद सहसंबंधाच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवून जातो.

मध्य आणि मध्यक यांच्यातला फरक दाखवण्यासाठी मात्र नमुना सारणीपेक्षा छोटी, हाताने भरलेली सामग्री बरी. समजा, नऊ मुलांना शाळेत पोहोचायला लागणारी मिनिटे ५, ८, १०, १०, १२, १५, १५, २० आणि ८५ अशी आहेत. बेरीज १८०, म्हणून मध्य २०; क्रमाने मांडल्यावर पाचवा प्राप्तांक १२, म्हणून मध्यक १२. हे गणित वहीत झाल्यावर तीच सामग्री कोडॅपमध्ये बिंदुआलेखाच्या रूपाने मांडावी आणि मापांच्या यादीतून मध्य व मध्यक या दोन्हींच्या रेषा चालू कराव्यात. 'सरासरी वीस मिनिटे' असे म्हणताना वर्गातल्या कुणाचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते, हे आता विचारता येते, कारण नऊपैकी सात ठिपके त्या रेषेच्या डावीकडे आहेत, एक नेमका रेषेवर आहे आणि उजवीकडे दूरवर एकटा ८५ चा ठिपका आहे. डावीकडच्या सात ठिपक्यांची मध्यापासूनची अंतरे मोजायला लावली तर १५, १२, १०, १०, ८, ५ आणि ५ मिळून ६५ होतात, आणि उजवीकडच्या एकट्याचे अंतरही ६५ च असते. मध्य म्हणजे दोन्ही बाजूंची विचलने जिथे एकमेकांना फेडतात ती जागा, हे सूत्राविना दिसते. त्यानंतर तो दूरचा ठिपका माउसने धरून हळूहळू डावीकडे ओढावा. मध्याची रेषा लगोलग त्याच्यामागे सरकू लागते, मध्यक मात्र ठिपका १२ च्या पलीकडे जाईपर्यंत जागचा हलत नाही. टोकाच्या किमतीचा मध्यकावर परिणाम का होत नाही, यावर मला याहून चांगले प्रात्यक्षिक माहीत नाही.

हीच सोय एका अर्थाने धोक्याचीही आहे. ठिपका ओढला की सारणीतली नोंदही बदलते, आणि आलेख पाहता पाहता चुकून हात लागून एखाद्याची उंची दहा सेंटिमीटरने वाढली तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पूर्ववत करण्याचे बटण आहे, पण ते दाबण्यासाठी आधी बदल झाल्याचे कळायला हवे. म्हणून मूळ सामग्रीची एक प्रत वेगळी जतन करून ठेवावी आणि खेळ दुसऱ्या प्रतीवर करावा, अशी शिस्त पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

आयतालेखाच्या बाबतीत हे साधन पाठ्यपुस्तकाच्या पुढे जाते. पुस्तकात वर्ग, म्हणजे किमतींचे गट, आधीच ठरलेले असतात, त्यामुळे १० चे वर्गांतर घेण्याऐवजी ५ चे घेतले असते तर काय झाले असते, हा प्रश्नच येत नाही. कोडॅपमध्ये ठिपके वर्गांत गोळा करण्याचा आदेश दिला की वर्गांच्या सीमारेषा दिसतात आणि वर्गांतर बदलून पाहता येते. मग ठिपके एकत्र वितळवून त्यांचे स्तंभ करता येतात. सातवी-आठवीच्या मिश्र गटाच्या उंचींचा आलेख रुंद वर्गांत एकच टेकडी दाखवतो, पण वर्ग अरुंद केले की कधी कधी तिथे दोन शिखरे दिसू लागतात, आणि फारच अरुंद केले तर सगळा आलेख दातेरी होऊन काहीच अर्थ उरत नाही. वर्गांतर ही आलेख काढणाऱ्याची निवड असते आणि त्या निवडीचे कारण देता आले पाहिजे, हे मुलांना इथे कळते. ठिपक्यांचे स्तंभ होताना पाहिल्यामुळे आणखी एक जुना घोळ मिटतो: स्तंभाची उंची म्हणजे मुलाची उंची नसून त्या वर्गातल्या मुलांची संख्या आहे. हा घोळ वरवर बालिश वाटेल, पण तो दहावीपर्यंत टिकलेला असतो.

सामग्री एकाच मापाने सांगण्याच्या सवयीवर उतारा म्हणून सांख्यिकीतज्ज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले चार संच वरच्या वर्गांना जरूर द्यावेत. प्रत्येक संचात ११ जोड्या आहेत. चारही संचांत पहिल्या चलाचा मध्य ९ आणि दुसऱ्याचा सुमारे ७.५ येतो, दोन चलांचे नाते किती सरळ रेषेत आहे हे सांगणारा सहसंबंध गुणक सुमारे ०.८२ येतो आणि सर्वांत जवळून जाणारी रेषाही जवळपास तीच, म्हणजे ३ अधिक पहिल्या चलाच्या निम्मे, अशी मिळते. चार आलेख शेजारी शेजारी उघडून प्रत्येकावर ही सर्वांत जवळून जाणारी, म्हणजे लघुतम वर्गांची, रेषा चालू केली की रेषा सारख्याच दिसतात आणि ठिपके मात्र चार वेगळ्या गोष्टी सांगतात: एका संचात साधा विस्कळीत चढ आहे, दुसऱ्यात स्पष्ट वक्र आहे, तिसऱ्यात सरळ रांगेतून एकच ठिपका बाहेर उडाला आहे, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या रेषेत असून अकरावा एकटाच सगळ्या रेषेची दिशा ठरवतो. आकडेमोड न शिकवता हा पाठ देता येतो, आणि तो आठवीतही चालतो.

संभाव्यतेकडे जाणारा पूल म्हणून 'सॅम्पलर' नावाचे जोडसाधन आहे. त्यात पेटीतले चेंडू किंवा फिरणारी चकती घेऊन कितीही वेळा नमुने काढता येतात. नाणे दहा वेळा उडवले तर पाच छापे पडणार, असे बहुतेक मुले ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात नेमके पाच छापे पडण्याची संभाव्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे सुमारे २५ टक्केच आहे. दहा-दहा फेकींचे पुष्कळ नमुने काढून प्रत्येकातील छाप्यांची संख्या आलेखावर मांडली की पाचच्या भोवती जमलेला ढीग दिसतो, आणि तीन किंवा सात छापे येणे हे नाणे खोटे असल्याचे लक्षण नाही हेही दिसते. मात्र सॅम्पलरकडे जाण्यापूर्वी खरी नाणी हातात द्यावीत. यंत्राने केलेली फेक मुलांना सहज विश्वासार्ह वाटत नाही, आणि त्यांचा हा संशय रास्तच आहे.

आता उणिवांबद्दल. मी वापरलेल्या आवृत्तीत वृत्तालेख नाही. ज्या अभ्यासक्रमात ३६० अंशांची वाटणी करून वृत्तालेख काढायचा असतो, तिथे कंपास आणि कोनमापक यांना पर्याय नाही. एरवी मला या आलेखाची फारशी आस नाही, कारण जवळजवळ सारखे दोन भाग कोनांवरून ओळखणे डोळ्यांना अवघड जाते आणि तीच तुलना स्तंभांत चटकन होते. पण परीक्षेत येणारा आलेख साधनात नाही, ही तक्रार शिक्षक करणारच. मापांच्या यादीत मध्य, मध्यक, प्रमाण विचलन, मध्य निरपेक्ष विचलन आणि बॉक्स प्लॉट आहेत, बहुलक मात्र मला तिथे आढळला नाही. तो रचलेल्या ठिपक्यांच्या सर्वांत उंच मनोऱ्यावरून वाचून घ्यावा लागतो. जोडस्तंभालेख आणि विभाजित स्तंभालेख यांच्यासाठी पाठ्यपुस्तकात असते तशी सरळ आज्ञा नाही. गुणधर्म दुसऱ्या अक्षावर किंवा आलेखाच्या मध्यभागी सोडून साधारण तोच परिणाम साधावा लागतो.

सामग्री भरताना काही बारीक अडचणी येतात आणि त्या मराठी माध्यमाच्या वर्गात अधिक जाणवतात. आदेशांचा जो संच मी वापरला तो इंग्रजीत आहे. रकान्यांची नावे देवनागरीत लिहिता येतात, परंतु किमती देवनागरी अंकांत भरल्या तर साधन त्यांना संख्या मानत नाही, शब्द मानते, आणि मग उंचीचा अक्ष सलग न होता प्रत्येक किमतीचा वेगळा गट पडतो. असाच प्रकार किमतीपुढे 'सेंमी' किंवा 'मि.' लिहिल्यानेही होतो. एकक हे रकान्याच्या गुणधर्मांत एकदाच नोंदवायचे असते, म्हणजे ते अक्षावर आपोआप दिसते. याच्या उलट, हजेरी क्रमांक किंवा इयत्ता यांसारख्या नावापुरत्या संख्यांना साधन खऱ्या संख्या समजते आणि विनातक्रार त्यांचा मध्यही काढून देते. अक्षावर क्लिक करून तो रकाना गटवाचक मानण्याची सूचना देता येते. हजेरी क्रमांकांचा मध्य एकदा मुद्दाम काढून दाखवावा आणि त्याचा अर्थ विचारावा. संख्यात्मक आणि गुणात्मक सामग्रीतला भेद त्यानंतर वेगळा समजवावा लागत नाही.

याहून गंभीर बाब रिकाम्या चौकटींची आहे. ज्या ओळीत अक्षावरची किंमत भरलेली नाही, तिचा ठिपका आलेखात येत नाही, आणि तो आला नाही असे कुणी सांगतही नाही. तीस जणांच्या पाहणीत सहा जणांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले नसेल तर आलेख चोवीस जणांचा असतो, मथळा मात्र वर्गाचा राहतो. आलेखावर ठिपक्यांची संख्या दाखवण्याची सोय मापांच्याच यादीत आहे. ती कायम चालू ठेवून सारणीतल्या ओळींशी पडताळण्याची सवय लावणे हे शिक्षकाचे काम आहे, साधन ते करत नाही.

त्याचप्रमाणे सामग्री कुठून आली, हेही कोडॅप विचारत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने शालेय सांख्यिकीसाठी २००७ मध्ये दिलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक आराखड्यात प्रश्न मांडणे, सामग्री गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि अर्थ लावणे असे चार टप्पे सांगितले आहेत. त्यांपैकी कोडॅपचे राज्य मुख्यतः तिसऱ्या टप्प्यावर आहे. 'माझी उंची किती?' या प्रश्नाला एकच उत्तर असते, तर 'आमच्या वर्गातल्या मुलांच्या उंचीत किती फरक आहे?' या प्रश्नाच्या उत्तरात विविधता गृहीत असते, आणि सांख्यिकी दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नापासून सुरू होते. उंची बूट घालून मोजायची की काढून, अर्धा सेंटिमीटर वर धरायचा की खाली, दोघांनी मोजल्यावर वेगवेगळे आकडे आले तर कोणता लिहायचा, हे निर्णय पट्टी हातात असतानाच घ्यावे लागतात. तयार नमुना सारण्या हाताशी असल्यामुळे हा टप्पा वगळण्याचा मोह होतो, तो आवरावा.

कोणत्या इयत्तेपासून हे साधन द्यावे, याबद्दल माझे मत थोडे सनातनी आहे. पाचवीपर्यंत ताळ्याच्या खुणा, चित्रालेख आणि चौकटीच्या कागदावरचे स्तंभालेख हातानेच व्हावेत. प्रमाण निवडताना होणारी ओढाताण, म्हणजे ४७ हा स्तंभ कागदात मावत नाही म्हणून १ सेंमी = ५ घेण्याचा शोध स्वतःला लागणे, ही कोणत्याही साधनाने करून देऊ नये अशी गोष्ट आहे, आणि कोडॅप ती अक्ष आपोआप आखून करून देते. सहावी-सातवीपासून आधी हाताने आणि मग कोडॅपमध्ये, असा क्रम ठेवावा. आठवीनंतर उलट क्रमही चालतो. साधनासाठी इंटरनेट लागते. फोनच्या छोट्या पडद्यावर सारणी आणि आलेख शेजारी मावत नाहीत आणि बोटाने रकाना ओढणे वैतागवाणे होते, त्यामुळे दोघांत एक संगणक ही किमान सोय धरून चालावे. तेही नसेल तर शिक्षकाने एकट्याने प्रोजेक्टरवर चालवून 'आता कोणता रकाना कुठे सोडू?' असे वर्गाला विचारत गेले तरी तासाचा बराचसा अर्थ टिकून राहतो.

काम संगणकावर फाइल म्हणून किंवा गुगल ड्राइव्हवर जतन करता येते. खाते नसल्यामुळे जतन न करता खिडकी बंद केली तर ते गेले, हे मुलांना तास सुरू होतानाच सांगावे. आलेखाचे चित्र वेगळे काढून प्रकल्पवहीत चिकटवता येते, पण त्या चित्रासोबत सारणी येत नाही. म्हणून प्रकल्प तपासताना मी प्रत्येक आलेखाखाली किती जणांची सामग्री आहे, ती कशी मोजली आणि आलेख पाहून कोणता नवा प्रश्न पडला, अशा तीन ओळी हाताने लिहायला सांगतो, आणि गुण आलेखाच्या नीटनेटकेपणाला न देता त्या तिसऱ्या ओळीला देतो.